लॅब टेक्निशियन व्हायचंय? खानदेशातल्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही मुलांचे, बरेचसे वडिलांचे आणि मामांचे. एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवली आहेत.

डॉक्टर नाही, नर्स नाही. मग लॅबवाला नेमकं करतो काय?

रक्त, लघवी, बेडका, पू, पाठीच्या कण्यातलं पाणी असं काहीही तपासून डॉक्टरला एक आकडा किंवा एक नाव सांगतो. आकडा म्हणजे शुगर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. नाव म्हणजे मलेरियाचा परजीवी कोणत्या जातीचा, कल्चरवर (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) कोणता जंतू उगवला आणि तो कोणत्या अँटिबायोटिकला दाद देतो. मोठ्या हॉस्पिटलात हिमॅटॉलॉजी (रक्तपेशी), बायोकेमिस्ट्री (रक्तातली रसायनं), मायक्रोबायोलॉजी (जंतू), हिस्टोपॅथॉलॉजी (शरीरातून काढलेले तुकडे), रक्तपेढी असे वेगवेगळे विभाग असतात. तालुक्याच्या लॅबमध्ये यातले निम्मे विभाग एकाच टेबलावर मांडलेले असतात आणि फोनही तुम्हीच उचलता.

पॅथॉलॉजिस्ट वेगळा. तो एमबीबीएसनंतर पॅथॉलॉजीत एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. गावाकडे दोघांनाही ‘लॅबवाले डॉक्टर’ म्हणतात. ऐकायला गोड लागतं, पण ते तिथल्या तिथे दुरुस्त करायची सवय लावा. पुढे ‘स्वतःची लॅब’ या प्रश्नात त्याचं कारण येईल.

बारावीनंतर कोणते रस्ते आहेत?

बारावी सायन्स लागते, बहुतेक ठिकाणी बायोलॉजीसकट. त्यानंतर मुख्य रस्ते तीन.

पहिला पदवीचा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) हा कोर्स तीन वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यात लॅबोरेटरी टेक्निशियन ही एक शाखा आहे. इतर विद्यापीठांत हेच शिक्षण बीएस्सी एमएलटी किंवा बीएमएलटी (एमएलटी म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी) या नावाने मिळतं. दुसरा डीएमएलटीचा, म्हणजे डिप्लोमा, बारावीनंतर साधारण दोन वर्षांचा. तिसरा बीएस्सी करून मग डीएमएलटी, जो साधारण एका वर्षाचा.

घरची परिस्थिती परवडत असेल तर पदवीच करा. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला आणि त्यात वैद्यकीय प्रयोगशाळा हा वेगळा गट ठेवला आहे. देशभर अभ्यासक्रम आणि नोंदणी एका साच्यात आणायचा तो प्रयत्न आहे, आणि अशा साच्यात पदवीवाल्याचं पारडं जड राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको. डिप्लोमा वाया जातो असं मुळीच नाही. पण पुढे एमएस्सी करायची, शिकवायचं किंवा मोठ्या लॅबमध्ये क्वालिटी मॅनेजर व्हायचं, तर पदवी नसणं आडवं येतंच.

नीटला मार्क कमी पडले म्हणून हे करू का?

करा, पण वर्षभर नीटचं रडगाणं गात करू नका. दरवर्षी वर्गात अशी चार डोकी असतात, ती ना धड रिपीट करतात ना धड स्लाइड बघतात.

आमच्याकडे एक संस्था म्हणते, सहा महिन्यांत डीएमएलटी आणि शंभर टक्के नोकरी. घेऊ का ॲडमिशन?

नाही.

आता सविस्तर. महाराष्ट्रात २०११ च्या कायद्याने परावैद्यक (पॅरामेडिकल) परिषद आहे. लॅब टेक्निशियन म्हणून काम करायचं तर तिची नोंदणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त कोर्सवरच मिळते. म्हणून फीचं विचारण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा. सर्टिफिकेटवर कोणत्या विद्यापीठाचं किंवा मंडळाचं नाव येणार? मागच्या बॅचमधल्या कुणाची परिषदेत नोंदणी झाली आहे का, आणि त्याचं प्रमाणपत्र दाखवता का? प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलात, आठवड्यातून किती दिवस?

तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, कपाटात वाळलेल्या स्टेनच्या (स्लाइड रंगवायच्या रंगाच्या) बाटल्या आणि भिंतीवर मानवी सांगाड्याचा तक्ता एवढ्यावर चालणाऱ्या संस्था तालुक्याच्या ठिकाणी दिसतात. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला पहिल्या नोकरीत शीर सापडत नाही, आणि त्याचा दोष तो स्वतःलाच देत बसतो. ॲडमिशनआधी लॅब बघायला मागा. दाखवत नसतील तर परत फिरा.

दूर कुठल्या तरी राज्यातल्या विद्यापीठाची ‘घरबसल्या’ डिग्री हा आणखी एक सापळा. हा विषय हाताचा आहे. रक्त काढणं टपालाने शिकता येत नाही.

खानदेशातच राहून शिकता येईल?

येईल. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, म्हणजे आता तिन्ही जिल्ह्यांत एकेक आहे. खाजगी मेडिकल कॉलेजं जळगावला आणि धुळ्याला आहेत. कोणत्या कॉलेजात यंदा पॅरामेडिकलच्या कोणत्या शाखेच्या किती जागा, हे दर वर्षी बदलतं. आरोग्य विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकावरच भरवसा ठेवा, शेजारच्या पोराच्या सांगण्यावर नको. बीएस्सीच्या रस्त्याने जाणार असाल तर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजांतून मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्री घ्या, पुढे डीएमएलटीला उपयोगी पडते.

ज्या हॉस्पिटलात ओपीडी तुडुंब भरते, तिथे शिकलेलं पोर हुशार निघतं. इमारत किती चकाचक आहे हे त्यानंतर बघा.

हल्ली सगळं मशीन करतं. मग माणूस लागणार तरी किती दिवस?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि याचं उत्तर लांबलचक आहे.

मोजायचं काम मशीनने घेतलं, हे खरं. एकेकाळी न्यूबॉर चेंबरवर (बारीक चौकोन आखलेल्या काचेवर) डोळे ताणून पांढऱ्या पेशी मोजायचे. आता सेल काउंटर मिनिटभरात सगळा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, छापून देतो. पण मशीनला एवढंच कळतं की तिच्या नळीत काय आलं. ते कुणाचं आलं, कसं काढलं, कधी काढलं, यातलं तिला काही कळत नाही. रिपोर्ट चुकतो तो बहुतेक वेळा मशीनच्या आधी.

एक उदाहरण घ्या. रक्त काढताना आधी जांभळ्या झाकणाची बाटली भरली आणि मग सिरमची (रक्त गोठू देऊन वरचं पाणी घ्यायची). किंवा त्याहून वाईट म्हणजे, सिरमच्या बाटलीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं ओतलं. जांभळ्या बाटलीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, तेही पोटॅशियमचं मीठ. ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पोटॅशियम वाढवतं. मशीन इमानदारीने छापणार: पोटॅशियम भयंकर जास्त, कॅल्शियम जवळपास नाहीच. डॉक्टर धावत पेशंटकडे, तर तो खाटेवर बसून पोहे खातोय. म्हणून बाटल्या भरायचा क्रम ठरलेला आहे: ब्लड कल्चर, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे.

दुसरं उदाहरण डेंग्यूच्या दिवसांतलं. समजा पाचोऱ्याकडचा एक तापाचा पेशंट, प्लेटलेट ३८ हजार. नातेवाईक रक्तपेढीच्या दारात जाऊन उभे, कुणी जळगावला हलवायची गाडी ठरवतोय. पण मशीनने कागदावर बारीकसा इशारा दिलाय, गुठळ्या असाव्यात. चांगला टेक्निशियन इथे थांबतो. काचेवर थेंब ओढून स्मीअर करतो, लिशमन स्टेन टाकतो, आणि स्मीअरच्या शेपटाकडे बघतो. तिथे प्लेटलेटचे घोसच्या घोस दिसतात. काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि मशीन त्या घोसाला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. मग निळ्या, सायट्रेटच्या बाटलीत पुन्हा रक्त घ्यायचं, आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या बाटलीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं. आकडा येतो दीड लाखाच्या वर. गाडी परत जाते.

पगार त्या थांबण्याचा असतो. बटण दाबायला कुणीही चालेल. ‘हे सॅम्पल घेणार नाही, पुन्हा काढा’ असं मोठ्या डॉक्टरला तोंडावर सांगणारा माणूस मात्र लॅबला लागतोच, आणि तसा माणूस तयार व्हायला तीन-चार वर्षं जातात.

खानदेशात या कामात वेगळं असं काही आहे का?

आहे, आणि पुस्तकात ते मिळणार नाही.

आधी ऊन. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास. साध्या बाटलीत तसंच ठेवलेलं रक्त नेहमीच्या खोलीच्या तापमानातही दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर गमावतं, कारण पेशी ती खात राहतात. उन्हात हा वेग वाढतो. म्हणजे रावेरच्या केळीच्या बागेजवळून सकाळी घेतलेलं सॅम्पल मोटारसायकलच्या डिकीतून दुपारी लॅबला आलं, तर मधुमेहाचा पेशंट कागदावर नॉर्मल. शुगरला राखाडी, पेशींचं साखर खाणं रोखणाऱ्या फ्लोराइडची बाटली, आणि आइसपॅकचा डबा. बर्फाला बाटली थेट टेकवायची नाही, पेशी फुटतात आणि पोटॅशियम पुन्हा खोटं वाढतं.

मग सातपुडा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या आदिवासी समाजात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं लक्ष्य आहे. हे सगळं उभं राहतं ते टेक्निशियनच्या सोल्युबिलिटी टेस्टवर (रक्ताचा थेंब रसायनात विरघळतो का बघायच्या). नळीतलं पाणी गढूळ झालं, नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, की टेस्ट पॉझिटिव्ह. पण गढूळ म्हणजे आजारच असं नाही. नुसता वाहकसुद्धा (दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतः आजारी नसलेला) गढूळच दाखवतो. फरक इलेक्ट्रोफोरेसिसने किंवा एचपीएलसीने, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांनी, कळतो. सहा महिन्यांखालच्या बाळाची सोल्युबिलिटी तर भरवशाचीच नाही. लग्न ठरायच्या वयातल्या मुलीला ‘तुला सिकलसेल आहे’ असं वाऱ्यावर सांगून मोकळं व्हायचं नसतं.

मलेरियाची स्लाइडही इथे अजून जिवंत आहे. किट आले तरी एकाच काचेवर जाड आणि पातळ असे दोन स्मीअर, त्यावर जेएसबी नावाचा स्टेन. जाडात परजीवी सापडतो, पातळात त्याची जात कळते. टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी ट्रूनॅट आणि सीबीनॅट ही मशीन आली आहेत. ती रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल का तेही सांगतात. पण मशीन कितीही महाग असो, पेशंटने डबीत थुंकी दिली तर उपयोग शून्य. ‘थुंकी नको मावशी, खोल खोकून बेडका काढा, उघड्यावर जाऊन’ हे दिवसातून वीस वेळा सांगावं लागतं.

आणि नवापूर. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या कोंबड्यांत सापडला. भोपाळच्या प्राण्यांच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने तो पक्का केला. भोपाळला उत्तर मिळालं, कारण नवापुरातून नमुना धड निघाला होता, धड पोचला होता.

सरकारी नोकरी लागेल का?

लागते, पण वाट बघावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल, मेडिकल कॉलेज या सगळीकडे पदं आहेत. जिल्हा परिषदेत प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य विभागात प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी अशी नावं जाहिरातीत शोधा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा वरचेवर निघतात. मानधन ठरलेलं, कायम होण्याची हमी नाही, अनुभव मात्र भरपूर. टीबी आणि एचआयव्ही कार्यक्रमांतही अशा जागा असतात. सरकारी केंद्रांतल्या मोफत तपासण्यांसाठी चालणाऱ्या महालॅबमध्येही माणसं घेतात.

कागद आधी तयार ठेवा. परिषदेची नोंदणी, जात वैधता, नॉन क्रिमी लेअर. परीक्षेत पास होऊन वैधतेसाठी फेऱ्या मारणारी मुलं कमी नाहीत.

पगार किती?

खरं सांगायचं तर तालुक्याच्या खाजगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार बघून घरचे नाराज होतात. ‘एवढं शिकून एवढेच?’ हे ऐकायची तयारी ठेवा. वाढतो तो दोन गोष्टींनी: रात्रपाळी आणि एखादा विभाग पक्का हातात येणं. नुसतं रक्त काढणारा आणि मायक्रोबायोलॉजीत कल्चर लावून वाचणारा यांच्या पगारात पाच वर्षांनी मोठा फरक दिसतो. म्हणून पहिली नोकरी पाच-सातशे रुपयांच्या फरकावर निवडू नका. जिथे एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे, रोज कंट्रोल (आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना) चालवतात आणि त्याच्या आकड्याचे लेव्ही-जेनिंग्स चार्टवर ठिपके भरतात, तिथे जा. दर महिन्याच्या शेवटी सगळे ठिपके एका बैठकीत भरणारी लॅब असेल, तर तिथून शिकण्यासारखं काही नाही.

स्वतःची लॅब टाकता येईल?

इथेच पोरं फसतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. टेक्निशियनने तपासणी करायची. रिपोर्ट स्वतःच्या सहीने द्यायचा नाही.

यावर गावोगाव निघालेली पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे. शहरातल्या एखाद्या डॉक्टरची स्कॅन केलेली सही महिन्याच्या भाड्याने घ्यायची, डॉक्टरने ती लॅब डोळ्यांनीही पाहिलेली नाही. काही गडबड झाली की पाटीवरचा फोन तुमचा असतो. त्या वाटेला जाऊ नका. पॅथॉलॉजिस्टबरोबर खरी भागीदारी करा, किंवा चांगल्या लॅबचं कलेक्शन सेंटर घ्या. चोपडा, शिरपूर, शहादा अशा गावांत सॅम्पल नीट काढून थंड डब्यातून वेळेत पोचवणाऱ्या माणसाला काम कमी पडत नाही.

डॉक्टरांना ‘कट’ द्यावा लागतो का, हेही विचारतात. मागणारे भेटतात. देणाऱ्याला तो पैसा कुठून तरी काढावा लागतो, आणि तो रीएजंटमधून, म्हणजे तपासणीच्या रसायनांत काटछाट करून, निघतो.

रक्तपेढीत काम कसं असतं?

ज्याला शिस्त आवडते त्याच्यासाठी उत्तम. डीएमएलटीवाल्याला रक्ताच्या तपासणीचा एक वर्षाचा अनुभव लागतो, पदवीवाल्याला सहा महिन्यांचा. हे औषध नियमांतच लिहिलेलं आहे. लाल पेशी फ्रिजमध्ये, प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलवत आणि फक्त पाच दिवस, प्लाझ्मा गोठवलेला.

इथे कंटाळा महागात पडतो. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. नुसतं पुढचं ग्रुपिंग (माणसाच्या पेशी तपासणं) केलं तर तो ओ दिसतो. उलटं ग्रुपिंग (त्याचं सिरम ठाऊक गटाच्या पेशींशी मिसळून बघणं) ओ पेशींसकट लावलं तरच त्या पेशींच्या गुठळ्या होतात आणि कळतं की या माणसाला ओ रक्तही चालणार नाही. रात्री तीन वाजता उलटं ग्रुपिंग टाळावंसं वाटतं.

मुलीला पाठवावं का? रोग लागण्याची भीती वाटते.

मुली या क्षेत्रात भरपूर आहेत आणि रक्त काढण्यात पेशंट त्यांच्याकडेच हात पुढे करतात. रात्रपाळीला येण्याजाण्याची सोय काय, हे नोकरी घेताना विचारून घ्या.

भीतीचं म्हणाल तर हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने, कोर्सच्या सुरुवातीलाच. सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई पांढऱ्या डब्यात, प्लास्टिक लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काच निळ्यात. तरीही टोचलीच, तर बोट पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हायलाच हवं, आणि २८ दिवस घ्यायचं. लाजेपोटी लपवून ठेवणं हा खरा धोका.

इंग्रजी कच्चं आहे. रंग ओळखायला त्रास होतो.

इंग्रजी जमतं, शब्द तेच ते असतात. रंगांधळेपणा असेल तर ॲडमिशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. स्टेन वाचण्यात लाल-निळ्याचाच सगळा खेळ आहे.

अहिराणी बोलणाऱ्या पेशंटशी मराठीत बोलावं का?

अहिराणी येत असेल तर खुशाल बोला. ‘कितलं रगत काढशी भाऊ?’ असं विचारणाऱ्या आबांना ‘पाच एमएल’ सांगून काय कळणार? चमचाभर म्हणा. धडगावकडे पावरी किंवा भिली कळणारा माणूस शेजारी हवा, विशेषतः उपाशीपोटी म्हणजे काय हे समजावताना. ‘काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला’ हे वाक्य सगळ्या भाषांत येतं. चहात साखर होती. फास्टिंग नाही, उद्या या.

सुरत, पुणे किंवा गल्फला जाता येईल?

सुरतला आपली निम्मी नातीगोती आहेतच, तिकडे काम मिळतं. गुजरातेत नोंदणीचं काय लागतं ते आधी विचारा. पुणे-मुंबईत मोठ्या साखळी लॅब माणसं घेत असतात. दुबईसाठी तिथल्या आरोग्य प्राधिकरणाची परीक्षा आणि कागदपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटचं बिंग तिथे फुटतं.

ॲडमिशनआधी हे काम जवळून बघता येईल का?

जवळच्या लॅबमध्ये ओळख काढा आणि सकाळी सातला जाऊन उभे राहा, परवानगी घेऊन. दुपारी जाल तर नुसती मशीन दिसतील. सात ते दहा ही फास्टिंगची गर्दी, रडणारी लेकरं, न सापडणाऱ्या शिरा, ‘माझा नंबर आधी होता’ म्हणणारे काका. लघवीच्या डब्यांचा वास येईल. चार-पाच सकाळी जा. एखादी तरी सोमवारची असू द्या, रविवारचं साचलेलं काम त्या दिवशी येतं.